आईसोबत ताक्त्सांगची चढण

पारोच्या खोऱ्यात रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून गाइडने समोरच्या कड्याकडे बोट दाखवले, तेव्हा आईने डोळ्यांवर हाताची सावली धरून बराच वेळ निरखून पाहिले आणि विचारले, "एवढ्या उंचावर धोतरं कुणी वाळत घातलीत?" तिचे काही चुकले नव्हते. काळपट उभ्या खडकाच्या मध्यावर तीन-चार पांढरे तुकडे चिकटल्यासारखे दिसत होते, आणि त्या भिंती आहेत, त्यांना खिडक्या आहेत, आत दिवे लावणारी माणसे राहतात, यावर खालून पाहणाऱ्याचा विश्वास बसणे खरोखरच कठीण होते. ते पारो ताक्त्सांग होते. 'ताक' म्हणजे वाघ आणि 'त्सांग' म्हणजे त्याची राहण्याची जागा. समुद्रसपाटीपासून ३,१२० मीटर उंचीवर आणि खोऱ्याच्या तळापासून जवळजवळ ९०० मीटर वर, कड्याला बिलगून उभा असलेला हा मठ भूतानमधल्या बौद्धांना अत्यंत पूजनीय आहे.

आमच्या घरात मात्र हा मठ मी चौथीत असल्यापासून होता. १९९४ साली एका कॅलेंडरवर आलेले त्याचे चित्र वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, वर्ष संपल्यावर कापून पुठ्ठ्यावर चिकटवले होते आणि बैठकीच्या खोलीत बुद्ध व बाबासाहेब यांच्या तसबिरींच्या शेजारी खिळा ठोकून लावले होते. दादा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये कामाला होते. रजा साठवून त्यांनी आम्हाला बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी दाखवली, दरवर्षी दीक्षाभूमीला नेले, पण भूतान राहून गेले. "हे पण आपलंच आहे, फक्त लांब आहे," असे ते त्या चित्राकडे पाहून म्हणत. तीन वर्षांपूर्वी ते गेले. त्यानंतर एके दिवशी जळमटे काढताना आईने तो पुठ्ठा खाली उतरवला, पदराने पुसला आणि मला म्हणाली, "माझे गुडघे चालतायत तोवर जाऊन येऊ." तेव्हा ती सहासष्ट वर्षांची होती.

तयारी आम्ही त्रिरश्मीवर केली. नाशिकबाहेरचे लोक या डोंगरातल्या लेण्यांना पांडवलेणी म्हणून ओळखतात. पायथ्यापासून लेण्यांपर्यंत दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आणि बुद्धपौर्णिमेला पांढरी साडी नेसून त्या चढणे हा आईचा लग्नानंतरचा न चुकलेला नेम आहे. सप्टेंबर आणि ऑक्टोबर असे दोन महिने आम्ही दोघी रोज पहाटे तिथे जात असू. पहिल्या आठवड्यात एकदा, मग दोनदा आणि शेवटी तीनदा चढउतार करून ती घरी येऊन पोळ्या लाटायला बसत असे. तिने स्वतःची एक रीतही बसवली होती. दहा पायऱ्या चढायच्या, थांबायचे, पाच श्वास मोजायचे, मग पुढच्या दहा. ही रीत पुढे पारोत आमच्या किती उपयोगी पडणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही विमानाने बागडोगऱ्याला, तिथून मोटारीने जयगावला आणि सीमेवरची कमान ओलांडून फुन्त्शोलिंगला पोचलो. भारतीयांना भूतानमध्ये जायला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते, आधार कार्ड चालत नाही; आईकडे पासपोर्ट नसल्यामुळे तिचे मतदार ओळखपत्र मी चार वेळा पिशवीतून काढून तपासले होते. तिथून डोंगरातल्या वळणांनी पारोपर्यंतचा रस्ता चार-पाच तासांचा आहे. पारोच्या घरांच्या छपरांवर त्या दिवसांत लाल मिरच्या वाळत घातलेल्या होत्या, आणि ते पाहून आईचा प्रवासाचा शीण निम्मा उतरला. "मिरची वाळवतात म्हणजे माणसं आपल्यातलीच," असे ती म्हणाली. रात्री जेवणात मिरची आणि चीजची एमा दात्शी ही भाजी तांबड्या भातावर घेताना तिने दोनदा वाढून घेतले.

आमच्या पर्यटन कंपनीने कार्यक्रमपत्रिकेत ताक्त्सांगचे वर्णन 'दोन तासांची सोपी चढण' असे केले होते. हे वाक्य ज्याने लिहिले त्याने ती वाट पाहिलेली नसावी, आणि वयस्कर माणसांना घेऊन येणाऱ्यांची अशा वाक्यांनी फसगत होते, म्हणून मी इथे स्पष्ट लिहिते की ही चढण सोपी नाही. पायथा २,६०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे पहिले पाऊल टाकतानाच आपण नाशिकहून दोन किलोमीटर उंच असतो. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण सत्तर टक्के उरतो, त्यामुळे घरी जी पायरी सहज चढते तीच पायरी इथे छातीत भाता चालू करते. धडधाकट माणूस अडीच-तीन तासांत वर जातो. आम्हाला साडेचार तास लागले, आणि त्यातला एकही तास वाया गेला असे मला वाटत नाही.

सकाळी सात वाजता आम्ही निघालो, कारण दुपारी एक ते दोन मठ बंद असतो आणि त्याआधी वर पोचायचे होते. आमचा गाइड पंचविशीतला मुलगा होता. 'घो' नावाचा गुडघ्यापर्यंतचा अंगरखा, पायात लांब मोजे, पाठीवर पिशवी. तो उत्तम हिंदी बोलायचा आणि आईला पहिल्या दिवसापासून 'आमा' म्हणायचा. त्यांच्या भाषेत वाक्याच्या शेवटी 'ला' लावला की आदर व्यक्त होतो, आपल्या 'जी'सारखा, हे आईने पहिल्याच दिवशी हेरले होते. ती त्याला सकाळी "कुझुझांग्पो ला" म्हणायची आणि तो दर वेळी कमरेत वाकून तेच उत्तर द्यायचा. पायथ्याशी काठ्या भाड्याने मिळतात. पाइनच्या सोललेल्या फांदीची काठी आईने हातात घेऊन जमिनीवर आपटून पाहिली, दोन परत केल्या आणि तिसरी घेतली.

पायथ्याशी घोडी उभी असतात. ती निम्म्या वाटेवरच्या उपाहारगृहापर्यंत माणसांना नेतात, पुढे नेत नाहीत आणि उतरताना तर मुळीच नेत नाहीत. मी आईला घोड्यावर बसण्याचा आग्रह केला. तिने एका घोडीच्या कपाळावरून हात फिरवला, तिच्या पाठीवरचे खोगीर जिथे घासत होते तिथले उडालेले केस पाहिले आणि काही न बोलता चालू लागली.

सुरुवातीची वाट निळ्या पाइनच्या जंगलातून जाते. एका ओढ्यावर लहानशी दगडी खोली आहे, तिच्यात पाण्याच्या जोराने फिरणारे मंत्रचक्र आहे, आणि प्रत्येक फेरीला वरचा दांडा घंटेवर आपटून एक टोला पडतो. माणूस नसतानाही तो टोला रात्रंदिवस पडत राहतो. तिथून पुढे वाट लगेच अंगावर येते. माती घोड्यांच्या टापांनी भुकटी झालेली, मध्येच पाइनची मुळे पायऱ्यांसारखी वर आलेली, वळण संपले की दुसरे वळण. आईने तिचे दहाचे गणित सुरू केले. इथे पायऱ्या नव्हत्या, म्हणून दहा पावले. दहा पावले, पाच श्वास. मागून येणारे तरुण पर्यटक आम्हाला ओलांडून जात होते, आणि थोड्या वेळाने कुठल्या तरी वळणावर गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेले तेच आम्हाला पुन्हा भेटत होते.

वाटेभर झाडाझाडांना बांधलेल्या पताका होत्या: निळी, पांढरी, लाल, हिरवी, पिवळी. आकाश, वायू, अग्नी, जल आणि पृथ्वी, असा त्यांचा अर्थ गाइडने सांगितला. आई म्हणाली की आपल्या पंचशील ध्वजात निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी असतो, म्हणजे चार रंग सारखेच आहेत. पुढे एका उतारावर मात्र पंचरंगी पताका नव्हत्या. तिथे उंच काठ्यांना उभ्या लावलेल्या पांढऱ्या पताकांचे दाट बन होते, वाऱ्यावर सगळे एकाच बाजूला फडफडत होते. त्या मृतांसाठी उभारतात. शक्य असेल तर एकशे आठ. वारा कापडावरच्या मंत्रांना स्पर्श करून जातो आणि त्याचे पुण्य गेलेल्या माणसाला मिळते, अशी तिथली श्रद्धा. आई त्या बनासमोर पाच श्वासांपेक्षा जास्त वेळ थांबली. आपल्याकडेही पांढरे वस्त्रच, एवढेच ती म्हणाली.

त्याच वळणाच्या पुढे खडकाच्या कपारीत मला ते दिसले. अंगठ्याच्या पेराएवढे, शंकूच्या आकाराचे मातीचे छोटे स्तूप. शंभर-दीडशे तरी असतील, एकमेकांना टेकून दाटीने ठेवलेले. काहींना चुना लावलेला, काही सोनेरी रंगाचे, काही नुसत्या मातीचे आणि ओलीने कडा झिजलेले. मी वाकून जवळून पाहिले. साच्यातून काढताना ज्याने ते दाबले होते, त्याच्या बोटाचा ठसा एकाच्या तळाशी अजून स्पष्ट होता, बारीक रेषांसकट. त्यांना 'त्सा-त्सा' म्हणतात. मातीत पुष्कळदा मृताच्या रक्षेची चिमूट मळलेली असते, आणि तो स्तूप अशा जागी ठेवतात जिथे पाऊस थेट लागत नाही आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर पडते. गाइडने आम्हाला हात लावू नका असे सांगितले नाही. आम्हीच लावला नाही. दादांची रक्षा आम्ही पाण्यात सोडली नव्हती. त्यांच्या इच्छेप्रमाणे ती अंगणातल्या पिंपळाच्या रोपाला घातली होती, आणि त्या वेळी नात्यातल्या काही वडीलधाऱ्यांना ते पटले नव्हते. आईने त्या कपारीकडे पाहत मला विचारले, "हे लोकही मातीतच ठेवतात, नाही का?" मी हो म्हटले. तिने काठी उचलली आणि पुढची दहा पावले मोजायला सुरुवात केली.

उपाहारगृहाशी आम्ही दोन तासांनी पोचलो. तिथून मठ समोरच्या कड्यावर दिसतो, आणि पुष्कळ लोक तिथूनच छायाचित्र काढून परततात. आम्ही चहा घेतला, सोबतच्या शेंगदाण्याच्या चिक्कीचे तीन वाटे केले, आणि गाइडने बसल्याबसल्या वाघिणीची कथा सांगितली. आठव्या शतकात गुरू पद्मसंभव, ज्यांना भूतानमध्ये गुरू रिन्पोछे म्हणतात, वाघिणीच्या पाठीवर बसून उडत या कड्यावर आले. ती वाघीण म्हणजे त्यांची शिष्या आणि सहचारिणी येशे त्सोग्याल. इथल्या गुहेत त्यांनी तीन वर्षे, तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस आणि तीन तास ध्यान केले, दोर्जे द्रोलो हे उग्र रूप घेऊन इथल्या दुष्ट शक्तींना वश केले आणि या खोऱ्यात धम्म रुजवला.

इथे मला माझी अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मी ज्या घरात वाढले, तिथे बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत आणि त्या मला दहाव्या वर्षी तोंडपाठ होत्या. चमत्कार दिसला की प्रश्न विचारायचा, हे दादांनी आम्हाला धम्म म्हणूनच शिकवले. आमच्या विहारात पांढऱ्या भिंती, एक बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या आणि सतरंजी असते. वंदना होते, भीमस्मरण होते आणि मग एखाद्याचे भाषण. तिथून आलेल्या माणसाने उडणाऱ्या वाघिणीचे काय करायचे? मी ती कथा खरी मानली नाही, आणि मानल्याचे नाटकही केले नाही. परंतु आईने कथा संपल्यावर जो प्रश्न विचारला, त्याने माझी वाट मोकळी झाली. "तीन वर्षं या कड्यात बसायचं म्हणजे पाणी कुठून आणत असतील?" गाइडने हसून वर बोट केले. मठाशेजारी धबधबा आहे. तेव्हापासून माझ्यासाठी प्रश्न वाघीण उडाली की नाही हा राहिला नाही. थंडीत, या उंचीवर, पाण्याच्या आवाजाशेजारी कोणीतरी खरोखर बसून राहिले होते, आणि त्यांच्यानंतर शेकडो वर्षे माणसे येऊन बसत राहिली, ही गोष्ट मला उडण्यापेक्षा अधिक मोठी वाटली आणि आजही वाटते. आपल्या सह्याद्रीतल्या लेण्यांनाही भिक्षूंनी असेच कडे निवडले होते. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामात, बसायला कोरडी जागा, जवळ पाण्याचे टाके, आणि खाली भिक्षेला जाता येईल एवढ्या अंतरावर गाव. पारोत मठाच्या खिडकीतून खालची भातखाचरे दिसतात, तसे त्रिरश्मीच्या ओसरीत बसले की आमचे नाशिक दिसते.

उपाहारगृहाच्या पुढची वाट तुलनेने सौम्य आहे. ओक आणि बुरांसाची, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची, झाडे दाट होतात, फांद्यांवरून फिकट हिरव्या शेवाळाच्या लांब जटा लोंबतात, आणि धुके आले की सगळे जंगल पिकलेल्या दाढ्यांच्या म्हाताऱ्यांनी भरल्यासारखे वाटते. मग एका वळणावर झाडे संपतात आणि मठ अचानक समोर येतो, अगदी डोळ्यांच्या पातळीवर. हात लांब केला तर भिंतीला लागेल असे वाटते, आणि मध्ये मात्र दरी आहे. पांढऱ्या भिंती, छपराखालून जाणारा तांबडा पट्टा, ज्याला 'खेमार' म्हणतात आणि जो असला की इमारत धार्मिक आहे हे ओळखता येते, वर सोनेरी कळसांची छपरे, आणि इमारतीखाली थेट खडक. लोक म्हणतात की ही इमारत खांद्रोमांच्या, म्हणजे आकाशगामी देवींच्या, केसांनी कड्याला बांधलेली आहे. ही उपमा कोणाला सुचली असेल कोण जाणे, पण ती त्या जागेवर उभे राहूनच सुचली असणार.

१६९२ साली भूतानचा राज्यकारभार पाहणाऱ्या ग्याल्से तेन्झिन रबग्ये यांनी गुहेभोवती इथले मंदिर बांधायला घेतले. एवढा दगड, एवढे लाकूड त्या काळी माणसांच्या पाठीवरून वर आले. आणि मग गाइडने एक गोष्ट सांगितली, जी मी वाचलेली असूनही माझ्या ध्यानात आली नव्हती. १९ एप्रिल १९९८ रोजी मठाला आग लागली आणि मुख्य इमारत जळून गेली. भूतानने ती जुन्या रूपाप्रमाणेच पुन्हा उभारली आणि ते काम २००५ साली पुरे झाले. आई एकदम थांबली. "दादांचं चित्र कुठल्या साली लावलं?" तिने विचारले. मी चौथीत होते, १९९४. म्हणजे वीस-पंचवीस वर्षे आमच्या भिंतीवर जो मठ होता, तो हा नव्हताच. तो जळून गेला होता, आणि आम्हाला पत्ताही नव्हता. रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पुसली जात होती. दादांना हे ठाऊक होते का, असे आईने मला विचारले. मी काही उत्तर देऊ शकले नाही. तिने बराच वेळ समोरच्या भिंतींकडे पाहिले. मग म्हणाली, "ज्यांनी परत बांधला, त्यांच्याकडे जुनं चित्र असलंच पाहिजे. कुणाच्या तरी घरात होतं म्हणूनच बांधता आला."

इथून खऱ्या पायऱ्या सुरू होतात. कड्यात काढलेल्या शेकडो दगडी पायऱ्या आधी खाली उतरतात, धबधब्यापाशी एका पुलावरून दरी ओलांडतात आणि पलीकडे तितक्याच उभ्या वर चढतात. मठ समोर दिसत असताना त्याच्याकडे पाठ फिरवल्यासारखे खाली उतरावे लागते, हे मनाला फार जड जाते. एका बाजूला लोखंडी कठडा आहे. आईचा एक हात पूर्ण वेळ त्याच्यावर होता आणि दुसरा माझ्या खांद्यावर. कठड्यावरची पकड इतकी घट्ट होती की तिच्या बोटांची पेरे पांढरी पडली होती, पण आवाजात भीती नव्हती, ती मोठ्याने आकडे मोजत होती. सुमारे साठ मीटर उंचीवरून पडणाऱ्या पाण्याचे तुषार पुलावर तोंडावर येतात. त्या धबधब्याशेजारी खडकाच्या चिरेत एक लहानसे देऊळ अक्षरशः पाचरीसारखे ठोकून बसवलेले आहे. त्याचे नाव सिंग्ये फुग, हिमसिंहाची गुहा. तिथे येशे त्सोग्याल ध्यानाला बसत असत. कथेत वाघीण झालेली ती स्त्री इथे स्वतःच साधक आहे, हे ऐकून आईचा चेहरा उजळला. बुद्धांच्या मावशी महाप्रजापती गौतमी किती चालत गेल्या होत्या, संघात घ्या म्हणायला, याची तिने गाइडला हिंदीत तिच्या पद्धतीने आठवण करून दिली, आणि त्याने ती सगळी ऐकून घेतली.

मठाच्या दाराशी पिशव्या, फोन, कॅमेरे सगळे कुलूपबंद कपाटात ठेवावे लागते. टोपी काढायची, पूर्ण बाह्या आणि पूर्ण पाय झाकलेले हवेत. गाइडने पिशवीतून पांढरे लांब वस्त्र काढले, डाव्या खांद्यावरून तिरके घेऊन चापूनचोपून बसवले. त्याला 'काबने' म्हणतात, आणि सामान्य नागरिकाचे काबने पांढरेच असते. सकाळपासून आमच्याबरोबर मातीत चालणारा मुलगा त्या एका वस्त्राने क्षणात गंभीर झाला. आईनेही पिशवी ठेवण्याआधी तिची पांढरी शाल काढून पदरावरून घेतली होती. दोघे शेजारी उभे राहिले तेव्हा ते एकाच गावचे वाटले.

आत एक मोठी वास्तू नसून लहानमोठी मंदिरे आहेत, उंच-सखल खडकावर बसवलेली, अरुंद जिन्यांनी एकमेकांना जोडलेली. जमीन थंडगार लाकडाची. पहिल्या मंदिरात मुख्य गुहा आहे, जिथे पद्मसंभव बसले असे मानतात. तिचा दरवाजा वर्षातून एकदाच उघडतो. एरवी बंद दारालाच माथा टेकायचा. भिंतींवर अंगावर येतील असे रंग, ज्वाळांतल्या उग्र देवता, हातांत आयुधे, गळ्यात कवट्या. आमच्या विहारातल्या शांत मूर्तीवर वाढलेल्या नजरेला हे सारे परके वाटले, आणि पहिली दहा मिनिटे मी अवघडून उभी होते. आईने मात्र ओळखीच्या वस्तू शोधल्या. वेदीवर पाण्याच्या सात वाट्या एका ओळीत होत्या, मागे मध्यभागी दिवा, एका बाजूला कोणी ठेवलेली बिस्किटांची पुडकी आणि भारतीय दहाच्या नोटा. एका तरुण भिक्षूने मोरपीस खोचलेल्या कलशातून आमच्या तळहातांवर पाणी घातले. कापराचा वास होता. थोडे प्यायचे आणि उरलेले डोक्याला लावायचे.

मग आईने, कोणालाही न विचारता, त्या थंड लाकडावर गुडघे मोडून बसून त्रिशरण सुरू केले. हळू आवाजात, पण आमच्या विहारात म्हणते त्याच चालीत. "बुद्धं सरणं गच्छामि. धम्मं सरणं गच्छामि. संघं सरणं गच्छामि." १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला भिक्खू चंद्रमणींनी बाबासाहेबांना ज्या शब्दांत दीक्षा दिली, तेच हे शब्द. आईचे वडील त्या मैदानावर होते. तिने दुतियम्पि, ततियम्पि म्हणत तेच दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा म्हटले, पंचशील घेतले, आणि ती थांबली तेव्हा तो भिक्षू कलश हातात धरून तसाच उभा होता. त्याने गाइडला काहीतरी विचारले. गाइडने आईला विचारले, "आमा, ही कोणती भाषा?" "पाली," आई म्हणाली. दोघांत पुन्हा बोलणे झाले, आणि मग त्या भिक्षूने आईच्या समोर, तसेच गुडघे मोडून बसत, त्यांचे शरण म्हटले. लामा ला क्याब सु छी ओ. सांग्ये ला क्याब सु छी ओ. छो ला क्याब सु छी ओ. गेंदुन ला क्याब सु छी ओ. अर्थ सांगायची गरज नव्हती. सांग्ये म्हणजे बुद्ध, छो म्हणजे धम्म, गेंदुन म्हणजे संघ, हे लयीवरूनच कळत होते.

पण आईने बोटांवर मोजले होते. "चार झाले," ती म्हणाली. "आमचे तीन आहेत." गाइडने खुलासा केला की पहिली ओळ लामाची, म्हणजे गुरूची. आईने विचारले की बुद्धाच्याही आधी का? हा प्रश्न भिक्षूपर्यंत गेला. त्याने दिलेले उत्तर गाइडने आम्हाला साध्या हिंदीत सांगितले: बुद्ध आमच्यापासून फार लांब होते, काळाने आणि अंतरानेही. गुरूने येऊन सांगितले नसते, तर बुद्ध होते हे आम्हाला कळले कसे असते? आईने मान डोलावली. ती काही बोलली नाही. माझ्याकडे पाहिले आणि परत त्या दिव्याकडे पाहू लागली.

बाहेर पडण्याआधी आम्ही दिव्यांच्या खोलीत एक दिवा लावला, दादांच्या नावाने. ज्योत लावताना आईचा हात जरा थरथरला, म्हणून मी तिच्या मनगटाखाली माझा हात धरला. आग लागून गेलेल्या मठात ज्योत पेटवताना मनात काय येते, ते मला शब्दांत मांडता येत नाही. एक वाजत आला होता. आम्हाला निघावे लागले.

उतरण गुडघ्यांची परीक्षा घेते. धबधब्यापासून परत वर चढताना आई दोनदा बसली, आणि उपाहारगृहाच्या खाली मातीवरून तिचा पाय घसरला, पण काठीने तारले. पायथ्याशी पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते आणि खोऱ्यात सावली उतरली होती. वर मात्र भिंतींवर अजून ऊन होते. जी आई आदल्या दिवशी धोतरे म्हणाली होती, तिने आता एकेका पांढऱ्या ठिपक्याकडे बोट करून कोणते मंदिर कुठले ते मला बरोबर सांगितले. काठी परत द्यायची असते, पण तिने मालकाला पैसे देऊन ती ठेवून घेतली. ती आता आमच्या दाराआड उभी आहे.

त्या रात्री हॉटेलात जेवण झाल्यावर तिने गाइडला थांबवून घेतले, पिशवीतून वंदनेची छोटी पुस्तिका काढली, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर त्याच्याकडून एकेक शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेत देवनागरीत लिहायला बसली. त्याचे उच्चार ऐकून ती दोनदा खोडून लिहीत होती. तो गेल्यावर मी पान पाहिले. सांग्ये ला, छो ला, गेंदुन ला. गोल, टपोऱ्या अक्षरांत तीन ओळी होत्या. त्यांच्या वर एका ओळीची जागा मोकळी होती.

"पहिली राहिली का?" मी विचारले.

"ती मला ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि तिने पेनला टोपण लावले.